‘?.’ की ‘&.’? नल-सुरक्षित कॉलचं चिन्ह कसं ठरतं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर आणा. उसाची गाडी काट्यावर आली, वजन झालं, पावती निघाली, की तोडणी टोळीच्या मुकादमाला वजनाचा मेसेज जायला हवा. कोडमध्ये त्यासाठी एक ओळ असते:

`खेप.टोळी.मुकादम.मोबाईल`

(या लेखातल्या कोडमधली नावं आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. चिन्हं मात्र त्या त्या भाषेतलीच आहेत.)

मग शिरोळकडचा एखादा शेतकरी घरच्या माणसांनी तोडलेला ऊस स्वतःच्या ट्रॅक्टरमधून घेऊन येतो. या खेपेला टोळीच नाही. `खेप.टोळी` मध्ये नल आहे, म्हणजे तिथं कुठलाच ऑब्जेक्ट नाही. नलकडं मुकादम मागितला की प्रोग्रॅम कोसळतो. जावात नल-पॉइंटर एक्सेप्शन, रुबीत नो-मेथड-एरर, जावास्क्रिप्टमध्ये टाइप-एरर; नावं वेगळी, दुखणं एकच. काट्यावर गाड्यांची रांग लागते आणि कारण असतं एक टिंब.

टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी नल रेफरन्स आणला, आणि २००९ मध्ये एका परिषदेत त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मधल्या काळात प्रोग्रॅमर हाताने तपासण्या लिहीत राहिले:

`खेप.टोळी != नल && खेप.टोळी.मुकादम != नल ? खेप.टोळी.मुकादम.मोबाईल : नल`

ही ओळ लांब आहे, पण लांबी ही तिची लहान अडचण. मोठी अडचण अशी की `खेप.टोळी` इथं तीनदा विचारली जाते. ती साधी साठवलेली किंमत असेल तर ठीक. तिच्यामागं डेटाबेसची क्वेरी असेल तर तीच क्वेरी तीनदा चालते. शिवाय त्याच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडनं मध्येच ती किंमत बदलली तर पहिल्या तपासणीत भरलेली असलेली टोळी तिसऱ्या वेळी नल निघू शकते. नल-सुरक्षित ऑपरेटर डावीकडची किंमत एकदाच काढतो, ती नल आहे का पाहतो, नसेल तरच पुढचा कॉल करतो. असेल तर उत्तर नल आणि काम संपलं.

आता प्रश्न उरतो तो चिन्हाचा. वरवर हा आवडीनिवडीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात भाषेच्या व्याकरणात कुठली चिन्हं आधीच खर्च झाली आहेत यावर निम्मं उत्तर ठरतं, आणि ते चिन्ह नेमकं काय गाळणार यावर उरलेलं निम्मं. दुसऱ्या भागाकडं भाषा बनवणारे आणि वापरणारे दोघंही कमी लक्ष देतात. नुकसान होतं ते तिथंच.

चिन्हच नसेल तर

ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये निलला (नलचं तिथलं नाव) कुठलाही संदेश पाठवला तरी काहीच होत नाही. ऑब्जेक्ट मागितला असेल तर निल आणि आकडा मागितला असेल तर शून्य परत येतं. म्हणजे तिथं प्रत्येक कॉल मुळातच नल-सुरक्षित. ऐकायला सोयीचं आहे, पण वाचणाऱ्याला कळायचा मार्ग राहत नाही की इथं रिकामं चालेल असं लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, की तो विचारच त्यानं केला नव्हता. वजन शून्य दिसलं तर ते खरंच शून्य आहे की मधली कडी निल होती, हे शोधायला अर्धा दिवस जातो. म्हणून चिन्ह हवं, आणि ते डोळ्यांना दिसणारं हवं. जिथं रिकामं येऊ शकतं आणि ते चालतं, तिथंच ते लावायचं.

‘?.’ सगळीकडं का बसत नाही

ग्रूव्हीनं `?.` आधीपासून वापरलं. स्विफ्टनं २०१४ मध्ये, सी शार्पनं २०१५ मध्ये सहाव्या आवृत्तीत, कोटलिननं २०१६ च्या पहिल्या पक्क्या आवृत्तीत तेच घेतलं. या शेवटच्या तिघांना ते शोभतं, कारण तिथं टाइपमध्येही प्रश्नचिन्हाचा तोच अर्थ आहे: टाइपच्या नावापुढं `?` असेल तर ही किंमत रिकामी असू शकते. घोषणेत `टोळी: टोळीप्रकार?` आणि वापरताना `टोळी?.मुकादम`. एकदा शिकलं की दोन्हीकडं उपयोगी पडतं.

रुबीला हे जमलं नाही. रुबीत मेथडच्या नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह चालतं, आणि हो-नाही उत्तर देणाऱ्या मेथडना ते लावायची पद्धतच आहे. खेपेला टोळी आहे का, हे विचारणारी मेथड तिथं `टोळी?` अशीच असेल. मग `खेप.टोळी?.मुकादम` या ओळीला रुबीत आधीपासून अर्थ आहे: `टोळी?` ही मेथड बोलवा आणि तिच्या उत्तरावर `मुकादम` बोलवा. हा अर्थ बदलला असता तर चालू प्रोग्रॅम मोडले असते. म्हणून आधी उलटं, म्हणजे `.?`, घालून पाहिलं गेलं; भाषेच्या विकास-शाखेत ते आलंही होतं. पण इतर भाषांतून येणाऱ्याला `?.` आणि `.?` यांत गोंधळ होणार हे उघड आहे. राकू भाषेत तर `.?` चा अर्थ आणखी वेगळा आहे. तिथं ‘ही मेथड या ऑब्जेक्टकडं असेल तर बोलवा’ असा होतो. शेवटी डिसेंबर २०१५ मधल्या रुबी २.३ मध्ये `&.` आलं. `टोळी && टोळी.मुकादम` याचं ते आखूड रूप म्हणून डोक्यात बसतं.

हे साम्य मात्र पूर्ण नाही. `&&` खोटी किंमत दिसली की थांबतं, `&.` फक्त निलवर थांबतं. डावीकडं असत्य असेल तर `&.` पुढं जातं आणि असत्यावर मेथड बोलवतं. ती मेथड नसली की एरर. जुनं `&&` शोधून सरसकट `&.` घालणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

पीएचपीत टिंबानं स्ट्रिंग जोडतात आणि मेथडला `->` लागतो. त्यामुळं तिथं `?->` आलं, नोव्हेंबर २०२० मधल्या ८.० आवृत्तीत. यात वाद घालण्यासारखं फार काही नव्हतं.

सगळ्यांत गुंतागुंतीची गोष्ट जावास्क्रिप्टची आहे, आणि ती सावकाश पाहण्यासारखी आहे. तिथं `अट ? हे : ते` हा तिहेरी ऑपरेटर आहे. शिवाय अर्धा हा आकडा शून्याशिवाय नुसता `.५` असाही लिहिता येतो. आता ही ओळ पाहा:

`उशीर?.५:०`

जुन्या कोडमध्ये याचा अर्थ सरळ होता: उशीर झाला असेल तर ०.५, नसेल तर शून्य. पण लेक्सर, म्हणजे कोडचे तुकडे पाडणारा भाग, नेहमी जमेल तेवढा लांब तुकडा उचलतो. `?.` हा नवा तुकडा झाला तर लेक्सर `?` आणि `.` एकत्र उचलणार, मागं `५:०` उरणार आणि जुना प्रोग्रॅम मोडणार. यावर नियम केला तो असा: `?.` च्या लगेच पुढं आकडा असेल तर तो नवा ऑपरेटर समजायचा नाही. नाव आकड्यानं सुरू होत नसल्यामुळं खऱ्या मेथड कॉलला याचा त्रास होत नाही. पुढचं एक अक्षर पाहून निर्णय लागतो, म्हणून हे स्वस्तात सुटलं.

चौकटी कंसाला तेवढं स्वस्त उत्तर नव्हतं. यादीतली पहिली खेप मागायला `खेपा?[०]` लिहिणं स्वाभाविक वाटतं. पण जावास्क्रिप्टमध्ये `[०]` ही स्वतंत्र यादीही असते, म्हणून `खेपा?[०]:[१]` हे आधीपासून वैध आहे. पार्सरला, म्हणजे त्या तुकड्यांची रचना लावणाऱ्या भागाला, पुढं कुठंतरी `:` येतंय की नाही हे कळेपर्यंत निर्णय लांबवावा लागतो, आणि ते चिन्ह कितीही लांब असू शकतं. म्हणून तिथं `खेपा?.[०]` आणि फंक्शनसाठी `कळव?.(वजन)` असं लिहितात. मधलं टिंब पुष्कळांना खटकतं, पण ते शोभेसाठी नाही. सी शार्पनं २०१५ मध्ये सरळ `?[` घेतलं, कारण त्या वेळी तिथं कुठलीच पदावली (एक्स्प्रेशन) चौकटी कंसानं सुरू होत नव्हती. २०२३ मध्ये बाराव्या आवृत्तीत चौकटी कंसातल्या याद्या आल्या आणि तोच तिढा तिथंही सोडवावा लागला. आज मोकळं असलेलं चिन्ह उद्याच्या एखाद्या सोयीला आडवं येऊ शकतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

काही भाषांनी चिन्ह घेतलंच नाही. पायथनसाठी २०१५ मध्ये पीईपी ५०५ हा प्रस्ताव लिहिला गेला, तो पुढं ढकललेल्या यादीत आहे. जावासाठी २००९ मध्ये प्रोजेक्ट कॉइन या छोट्या भाषा-बदलांच्या उपक्रमाच्या वेळी असाच प्रस्ताव आला आणि स्वीकारला गेला नाही. २०१४ च्या जावा ८ मध्ये ‘किंमत असेल किंवा नसेल’ असं सांगणारा ऑप्शनल हा टाइप मिळाला. रस्टमध्येही `?` आहे, पण तो अख्ख्या फंक्शनमधून बाहेर पडतो. साखळीतली एक कडी गाळणं हे त्याचं काम नाही. चिन्ह तेच दिसलं म्हणून अर्थ तोच धरू नये.

चिन्ह ठरलं, आता ते किती गाळणार?

आता मूळ ओळीकडं येऊ. खेपेला टोळी नसू शकते. पण टोळी असली की तिला मुकादम असतोच. टोळीची नोंदच मुकादमाच्या नावानं होते. म्हणजे ओळ अशी असायला हवी:

`खेप.टोळी?.मुकादम.मोबाईल`

एकच `?.`, आणि तोही बरोबर जागी. टोळी नल असेल तर काय होतं? जावास्क्रिप्ट, सी शार्प, स्विफ्ट आणि पीएचपी ८ मध्ये उजवीकडची सगळी शेपटी गळते आणि उत्तर रिकामं येतं (जावास्क्रिप्टमध्ये ते नल नसून अनडिफाइन्ड असतं, तुलना करताना हे ध्यानात ठेवा). रुबीत मात्र `&.` फक्त एकच पायरी गाळतं: `खेप.टोळी&.मुकादम` चं उत्तर निल, आणि त्या निलवर `.मोबाईल` बोलवलं की एरर. म्हणून रुबीत पहिल्या `&.` नंतर शेवटपर्यंत `&.` लावत जावं लागतं. कोटलिनमध्येही एकच पायरी गळते, पण तिथला कंपायलर ओळच नाकारतो, त्यामुळं चूक काट्यावर न दिसता टेबलावरच दिसते. डार्टनं २०२१ मध्ये २.१२ आवृत्तीत टाइपची नल-सुरक्षितता आणली, तेव्हा शेपटी गाळण्याची पद्धतही घेतली.

यात शेपटी गाळणारी पद्धत चांगली, हे आमचं स्पष्ट मत आहे. कारण वाचणाऱ्याला मिळणारी माहिती. `खेप.टोळी?.मुकादम.मोबाईल` वाचून कळतं की टोळी नसू शकते आणि मुकादम असतोच. `खेप.टोळी&.मुकादम&.मोबाईल` वाचून दुसरं `&.` मुकादम नसू शकतो म्हणून आलं, की पहिल्यामुळं लावावं लागलं, हे सांगता येत नाही. उद्या डेटातल्या चुकीमुळं खरंच एखादी टोळी मुकादमाविना नोंदली गेली, तर पहिली ओळ ओरडेल, दुसरी गप्प बसेल.

एक बारकावा: कंस घातला की साखळी तिथं तुटते. जावास्क्रिप्टमध्ये `(खेप.टोळी?.मुकादम).मोबाईल` लिहिलं तर कंसाबाहेरचा भाग गळत नाही, आणि टोळी नसली की एरर येते. कोड नीटनेटका करण्यासाठी घातलेला कंस असा नडतो.

अर्ग्युमेंटचंही, म्हणजे कॉलच्या कंसात दिलेल्या किमतींचंही, ठरवावं लागतं. `टोळी?.पावतीदे(पुढचाक्रमांक())` या ओळीत टोळी नसेल तर पावतीचा क्रमांक खर्च होतो का? बहुतेक भाषांत नाही. डावीकडं नल असेल तर कंसातलं काहीच चालत नाही. हेच योग्य आहे. नाहीतर पावती न निघताच क्रमांक पुढं सरकेल आणि ऑडिटला मधले नंबर सापडणार नाहीत.

रिकामं कशाला म्हणायचं हा प्रश्न लहान दिसतो, पण पैशाच्या हिशेबात सतत नडतो. नल-सुरक्षित ऑपरेटरनं फक्त नल (आणि जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइन्ड) रिकामं मानावं. शून्य ही खरी किंमत आहे. `खेप?.वजावट || ५` असं लिहिलं तर ज्या खेपेची वजावट खरोखर शून्य आहे तिलाही ५ लागते, कारण `||` शून्याला खोटं समजतं. तिथं `खेप?.वजावट ?? ५` हवं, कारण `??` फक्त रिकाम्या किमतीच्या जागी उजवीकडची किंमत घालतं. जावास्क्रिप्टमध्ये `?.` आणि `??` दोन्ही २०२० च्या मानकात आले. जोडीनं आले ते बरं झालं, कारण एकाशिवाय दुसरं अर्धवट आहे.

आणि ऑब्जेक्ट आहे पण मेथडच नाही, असं असेल तर? तिथं एरर यायलाच हवी. रेल्स या रुबीतल्या वेब-फ्रेमवर्कमध्ये `&.` यायच्या आधीपासून `ट्राय` नावाची मेथड वापरतात. ती निलवर निल देतेच, पण ऑब्जेक्टकडं ती मेथड नसेल तरीही निल देते. `मुकादम` च्या जागी चुकून `मुकदम` टाइप झालं तर कुठलीच एरर येत नाही, सगळ्याच मुकादमांचे मेसेज बंद होतात. रुबीचं `&.` इथं कडक आहे, आणि ते बरोबरच आहे.

विचारणं वेगळं, करायला सांगणं वेगळं

आतापर्यंतची उदाहरणं बहुतेक माहिती विचारण्याची होती. आता ही ओळ पाहा:

`सभासद?.खाते?.जमाकर(ऊसबिल)`

वाक्यरचना बिनचूक, प्रोग्रॅम कोसळत नाही. पण कागलच्या एखाद्या सभासदाचं बँक खातं नोंदवायचं राहिलं असेल तर त्याचं बिल जमा होत नाही आणि कुणाला कळतही नाही. पंधरवड्याची सगळी बिलं ‘पूर्ण’ दिसतात. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणं ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची (उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराची) रक्कम द्यावी लागते, नंतर वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. त्या माणसाला महिनाभरानं शेतकी ऑफिसात चकरा माराव्या लागतात, आणि लॉगमध्ये शोधायला काहीच नसतं.

म्हणून माहिती विचारताना `?.` चालेल, पण ज्या कॉलनं पैसे हलतात, नोंद लिहिली जाते किंवा पुसली जाते, तिथं तो लावू नये. तिथं उघड तपासणी करावी: खातं नसेल तर सभासद क्रमांक आणि रक्कम ‘राहिलेली बिलं’ या यादीत जावी. स्विफ्टमध्ये एक सोय आहे. असा कॉल खरंच झाला की गळला हे त्याचं उत्तर निल आहे का पाहून कळतं, मेथड काहीच परत देत नसली तरीही.

किंमत भरताना भाषांचं एकमत नाही. `सभासद?.मोबाईल = नवा` हे जावास्क्रिप्ट आणि पीएचपी नाकारतात; रुबी आणि कोटलिन स्वीकारतात; सी शार्पनं २०२५ मध्ये चौदाव्या आवृत्तीत परवानगी दिली. आमचा कल नाकारणाऱ्यांकडं आहे, वर सांगितलेल्याच कारणासाठी.

स्वतःची छोटी भाषा करत असाल तर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीच्या दरपत्रकासाठी असो किंवा कारखान्याच्या बिलाच्या सूत्रांसाठी असो, लहान सूत्र-भाषा बनवायची वेळ अनेक टीमवर येते. चिन्ह ठरवण्याआधी आपल्या व्याकरणात `?`, `.`, `&` आणि `:` कुठंकुठं आहेत त्याची यादी कागदावर काढा. तिहेरी ऑपरेटर आहे का? `.५` चालतं का? नावाच्या शेवटी `?` चालतं का? चौकटी कंसानं पदावली सुरू होते का? तिहेरी ऑपरेटर काढून टाकून `जर…तर…नाहीतर` हे शब्द ठेवता आले तर `?` पूर्ण मोकळा होतो, आणि हिशेबनीसांना शब्दच जास्त कळतात. नवीन भाषेत आम्ही हेच करू.

मग लेक्सर लिहायच्या आधी या ओळींची उत्तरं ठरवून त्या टेस्टमध्ये घाला:

`टोळी?.मुकादम.मोबाईल`
`(टोळी?.मुकादम).मोबाईल`
`उशीर?.५:०`
`खेपा?.[०]?.वजन ?? ०`
`टोळी?.पावतीदे(पुढचाक्रमांक())`
`सभासद?.मोबाईल = नवा`
`टोळी ?. मुकादम`

शेवटच्या ओळीत ऑपरेटरच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे. तिला परवानगी द्यायला हरकत नाही, पण `? .` असा खुद्द ऑपरेटरच फोडून लिहिला तर तो नाकारा. तुकडा एकच राहू द्या.

देवनागरी नावं चालू द्यायची असतील तर एक जादा काळजी घ्या. काना-मात्रा आणि अनुस्वार ही युनिकोडमध्ये अक्षरं नसून जोडचिन्हं आहेत. पायथनच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘शब्दातलं अक्षर’ हा वर्ग त्यांना धरत नाही, त्यामुळं त्यावर लिहिलेला लेक्सर `टोळी` मधल्या ट नंतरच नाव संपलं असं समजतो. मग येणारी एरर `?.` कडं बोट दाखवते आणि माणूस भलतीकडं शोधत बसतो. नाव ओळखताना जोडचिन्हांचे युनिकोड वर्ग सामील करा, आणि नाव साठवण्याआधी त्याचं एकच प्रमाण युनिकोड रूप करून घ्या.

एररच्या मजकुरावरही थोडे कष्ट घ्या. जावा १५ पासून नल-पॉइंटरची एरर आपोआप साखळीतली नेमकी कुठली कडी नल होती ते सांगते. ‘नलवर मोबाईल विचारला’ यापेक्षा ‘खेप.टोळी.मुकादम नल आहे’ हे कितीतरी उपयोगी. असा मजकूर मिळाला की निव्वळ भीतीपोटी प्रत्येक टिंबाआधी `?` लावायची सवय आपोआप कमी होते.

उरलेली भीती कंपायलरनं घालवावी. जी किंमत रिकामी असूच शकत नाही तिच्यापुढं `?.` दिसला तर कोटलिनचा कंपायलर इशारा देतो. तुमच्या सूत्र-भाषेलाही हे जमेल: डेटाबेसच्या ज्या कॉलममध्ये नल टाकायला मनाई आहे त्यांची यादी भाषेला आधीच द्या, आणि `खेप.सभासद?.नाव` असं कुणी लिहिलं तर ‘सभासद कधीच रिकामा नसतो, `?` काढा’ असं ओळ क्रमांकासह दाखवा.